बेळगावहून अंदमान: आधी तिथी, मग बोट, हॉटेल शेवटी

बेळगावकरांना समुद्र नवा नाही. चोर्ला उतरला की गोवा, आंबोली उतरली की वेंगुर्ला. सकाळी घरात विषय निघतो आणि दुपारी पानात सुरमई असते. अंदमानच्या सहलीत नेमकी हीच सवय नडते, कारण तिथे ऐनवेळी काही जमत नाही. पोर्ट ब्लेअर हे बेटावरचं शहर. ज्या किनाऱ्यांचे फोटो पाहून आपण निघतो ते बहुतेक दुसऱ्या बेटांवर आहेत, मध्ये दीड-दोन तासांची बोट आहे, आणि सूर्य आपल्या घड्याळाला न विचारता लवकर मावळतो.

बहुतेक जण आधी हॉटेल बघतात, मग विमान, आणि बोटीचं शेवटी ठरवतात. हा क्रम उलटा करायचा. आधी महिना आणि तिथी, मग पोर्ट ब्लेअरचं विमान, मग बेटांमधल्या बोटी, त्यानंतर हॉटेल, आणि अगदी शेवटी बेळगाव ते बंगळूर.

नावांचा गोंधळ सुरुवातीलाच मिटवून टाकू. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं होतं. तिकिटावर नवं नाव असेल, रिक्षावाला जुनं घेईल, दोन्ही एकच. विमानाचं तिकीट काढताना मात्र डोळे उघडे ठेवा: बेळगाव विमानतळाचा कोड आयएक्सजी आणि पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. एका अक्षराचाच फरक आहे.

महिना आणि तिथी

आपल्याकडे पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या सुट्टीत फिरायला जायची रीत आहे. अंदमानला तेव्हा जाऊ नका. तिथे नैऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि नोव्हेंबर तर बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा महिना. चक्रीवादळ अंदमानवर आलं नाही तरी समुद्र खवळतो, बोटी बंद होतात, आणि चार दिवसांतले दोन हॉटेलच्या खोलीत जातात.

जानेवारीचा मध्य ते एप्रिलअखेर हा चांगला काळ. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी सर्वांत शांत आणि स्वच्छ असतं. शाळकरी मुलं असलेल्या घरांना मार्च जमत नाही. त्यांनी परीक्षा संपल्याबरोबर, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं. उकाडा असतो, पण पाण्यात वेळ घालवायचा असेल तर तो सोसतो. सहल मेच्या मध्यापर्यंत मात्र लांबवू नये. केरळात १ जूनच्या आसपास येणारा पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच हजर होतो.

महिना ठरला की घरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. हे कुठलाही एजंट सांगत नाही, आणि सहलीची निम्मी मजा इथेच ठरते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते: पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप मागे जातं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. नील बेटाचे आणि हॅवलॉकच्या पूर्वेकडचे किनारे उथळ आहेत आणि खाली प्रवाळाचे खडक आहेत. उधाणाच्या ओहोटीत तिथलं पाणी लांबवर मागे सरतं आणि समोर नुसता खडक उरतो. पोहायचं, स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघणं) करायचं, मुलांना डुंबू द्यायचं असेल तर बेटांवरचे दिवस अष्टमीच्या आसपास पाडा. नीलचा नैसर्गिक खडकपूल आणि खडकांतल्या डबक्यांमधले जीव बघायचे असतील तर अमावस्या-पौर्णिमेची ओहोटी उत्तम. रात्री पाणी चमकताना पाहण्याची हौस असेल तर अमावस्याच हवी, चांदण्यात ती चमक दिसत नाही. लहान मुलं आणि पोहायला उत्सुक मंडळी असतील तर आमचं मत अष्टमीच्या बाजूने.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तिथे लावू नका. तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. त्या आठवड्याची पानं फोनमध्ये उतरवून ठेवा.

बेळगाव ते पोर्ट ब्लेअर

बंगळूरहून पोर्ट ब्लेअर अडीच तासांच्या आसपास, चेन्नईहून त्याहून थोडं कमी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांना बंगळूरच सोयीचं. अडचण वेळेची आहे. पोर्ट ब्लेअरची विमानं मुख्यतः सकाळी आणि दुपारी उतरतात, त्यामुळे बंगळूरहून निघणारं विमान बऱ्याचदा पहाटेचं किंवा सकाळी लवकरचं असतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस किंवा बेळगाव-बंगळूर रात्रीची गाडी सकाळी पोहोचते, तोवर विमान उडालेलं असतं. म्हणजे रात्रीच्या गाडीने जाऊन त्याच सकाळचं विमान पकडायचा बेत कागदावरच राहतो.

त्याऐवजी आदल्या दिवशी निघा. पहाटेची वंदे भारत दुपारी बंगळुरात सोडते, किंवा सांबऱ्याहून, म्हणजे बेळगाव विमानतळावरून, विमान घ्या. मुक्काम मॅजेस्टिकला, म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या भागात, न करता विमानतळाच्या बाजूला, देवनहळ्ळीकडे करा. रेल्वे स्टेशनापासून विमानतळ ३५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि बंगळूरची वाहतूक पहाटे तीनलाच काय ती मोकळी असते. मॅजेस्टिकहून विमानतळाच्या वायुवज्र बस मिळतात. बॅगा कमी असतील तर टॅक्सीपेक्षा त्या परवडतात.

सांबरा ते बंगळूर आणि बंगळूर ते पोर्ट ब्लेअर अशी दोन विमानं घेणार असाल तर दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, काढा. वेगवेगळी तिकिटं असली आणि धुक्यामुळे किंवा तांत्रिक कारणाने पहिलं विमान रखडलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. सांबऱ्याचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी काढलेलं तिकीट निघण्याआधी दोन आठवडे पुन्हा तपासा.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं. त्यात अडीच-तीन दिवस जातात. ज्याला जहाजाचीच हौस आहे त्याने जावं, सुट्टी मोजून निघालेल्याने नको.

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलसाठी परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र विमानात, बोटीत, हॉटेलात सगळीकडे मागतात. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळवून घ्या. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव मध्ये की नुसतं आद्याक्षर, हा आपल्या सीमाभागातल्या कागदपत्रांचा जुना घोळ इथेही आडवा येतो.

बोटी: सगळ्याची किल्ली

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. हा त्रिकोण एकाच दिशेने फिरायचा, म्हणजे परत हॅवलॉकला यावं लागत नाही. खासगी बोटी (मक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे) हॅवलॉकला दीड ते दोन तासांत पोहोचवतात. हॅवलॉक ते नील सुमारे तासभर. एका टप्प्याचं भाडं साधारण बाराशे ते दोन हजारांच्या घरात, वरच्या वर्गाचं आणखी. सरकारी बोट त्यामानाने फारच स्वस्त, पण वेळ जास्त घेते आणि गर्दीच्या दिवसांत तिकीट हाताला लागेलच असं नाही. तिचा एक फायदा पैशांपलीकडचा आहे: मोकळ्या डेकवर उभं राहता येतं. वेगवान खासगी बोटी बहुतेक बंदिस्त आणि वातानुकूलित असतात.

विमान ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी बोटीची तिकिटं काढा. सकाळची पहिली बोट घ्या. सकाळी समुद्र शांत असतो, आणि पहिली रद्द झालीच तर दुपारची हाताशी राहते. दुपारची रद्द झाली तर तो दिवस गेला.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असं आखलेले कार्यक्रम सर्रास विकले जातात. हवा बिघडली की बंदर प्रशासन बोटी थांबवतं. बोटवाले पैसे परत देतील, विमान कंपनी देणार नाही.

बोट लागण्याचा त्रास घाटात गाडी लागणाऱ्यांना हमखास होतो. चोर्ल्याच्या वळणांवर ज्याचं तोंड उतरतं त्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि ती बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा जरा मागे घ्या. पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं. मोबाइलमध्ये बघू नका, क्षितिजाकडे बघा. न्याहारीला पुरी-भाजी टाळा, इडली किंवा पोहे पुरेत. आलेपाकाच्या वड्या खिशात असल्या तर बऱ्या.

सूर्याचा हिशेब

पोर्ट ब्लेअर बेळगावच्या १८ अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ तेच. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तास होतो. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मार्च-एप्रिलमध्ये साडेपाचच्या आसपास. आपण चहा घेऊन किनाऱ्यावर निघायच्या वेळी तिथे अंधार पडतो. एप्रिलमध्ये पहाटे पाचलाच उजाडतं. म्हणून दिवस सकाळी साडेपाचला सुरू करायचा, दुपारी एकच्या आत जेवण उरकायचं, सूर्यास्त बघायचा तर तीनला खोली सोडायची. बेळगावच्या घड्याळाने चाललेली मंडळी रोज एक किनारा गमावतात.

सात दिवस असे बसतात

पहिला दिवस. दुपारपर्यंत उतरलात तर थेट सेल्युलर जेल. चारनंतर आत सोडत नाहीत असं धरूनच चाला. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना ते बंद असतं, त्यामुळे विमान सोमवारचं असेल तर जेल शेवटच्या दिवसांत टाका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आता तीन उरल्या आहेत. पाडलेल्या भागात जी. बी. पंत रुग्णालय उभं आहे. मधल्या मनोऱ्यावरून एक पहारेकरी सगळ्या भुजांवर नजर ठेवी, आणि एका भुजेच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा. हिंदी आणि इंग्रजीचे खेळ वेगळे असतात, वेळ नीट बघून घ्या.

दुसरा दिवस. सकाळच्या बोटीने हॅवलॉक. सामान टाका, जेवा, अडीच-तीनला राधानगरला निघा. धक्क्यापासून ते १२ किलोमीटरच्या आसपास आहे. रिक्षा मिळते, बस आहे, किंवा दुचाकी भाड्याने. दुचाकीसाठी मूळ परवाना लागतो, आणि घेण्याआधी गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. राधानगरचा तळ वाळूचा आहे, खडक नाहीत, म्हणून भरती-ओहोटी दोन्हीत पोहता येतं. अंदमानात एकच किनारा बघायचा असेल तर हा. मात्र जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीतच उतरा. अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि कांदळवनात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये याच किनाऱ्याच्या एका टोकाला एका पर्यटकाचा मगरीने जीव घेतला होता. ‘मगरीपासून सावध’ ही पाटी शोभेची नाही.

हॉटेल घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. हॅवलॉकची बरीच रिसॉर्ट्स पूर्वेला, गोविंदनगर आणि विजयनगरकडे आहेत. ‘समुद्रासमोर’ हे खरं असतं, पण फोटो भरतीच्या वेळी काढलेला असतो. ओहोटीत तिथे गुडघाभरही पाणी उरत नाही. खोलीसमोर पोहायचं म्हणून दुप्पट भाडं मोजू नका. रस्त्यापलीकडची साधी खोली घेऊन पोहायला राधानगरला जाणं शहाणपणाचं.

तिसरा दिवस. पाण्याखालचा. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

चौथा दिवस. पहाटे कालापत्थरला सूर्योदय, मग बोटीने नील. हे बेट एवढं लहान आहे की सायकलवर होतं. भरतपूर किनारा धक्क्याजवळच आहे, तिथे काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. पाण्यात न उतरणाऱ्या आजी-आजोबांना प्रवाळ दाखवायचा हा सोपा मार्ग. संध्याकाळ लक्ष्मणपूरला.

पाचवा दिवस. सूर्योदय सीतापूरला, आणि ओहोटीच्या तासभर आधी नैसर्गिक पुलाकडे. तिथे घसरड्या खडकांवरून चालावं लागतं. रबरी चप्पल चालत नाही, मागे पट्टा असलेली सँडल हवी. पाणी वळल्याबरोबर परत फिरा.

सहावा दिवस. पोर्ट ब्लेअरला परत. दुपार हाताशी असेल तर चिडिया टापूचा सूर्यास्त, कंटाळा आला असेल तर जवळचं कॉर्बिन्स कोव्ह. रॉस बेटही बघायचं असेल तर ते बुधवारी बंद असतं हे लक्षात ठेवा.

सातवा दिवस विमानाचा, त्यात दुसरं काही घालू नका.

बाराटांगच्या चुनखडी गुहा या यादीत मुद्दाम घातलेल्या नाहीत. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगला ताफ्याची वाट बघायची आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. थांबायला आणि फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. तरी अनेकांचे डोळे गुहेपेक्षा रस्त्याकडेच्या माणसांवर असतात. माणसं बघायला म्हणून कोणी जाऊ नये. आठवा दिवस असेल तर वंडूरहून राष्ट्रीय सागरी उद्यानातल्या जॉली बॉय बेटाला जा. तिथे एकदाच वापरायचं प्लास्टिक नेऊ देत नाहीत, म्हणून पाण्याची स्टीलची बाटली ठेवा.

पाण्याखाली

तीन प्रकार आहेत. पोहता न येणाऱ्यालाही स्नॉर्कलिंग जमतं, कारण जॅकेट तरंगवतं आणि माणूस सोबत असतो. हॅवलॉकच्या धक्क्यावरून एलिफंट बीचला बोटी जातात, तिथे ते होतं. आदल्या दिवशी नाव नोंदवा आणि सकाळची पहिली फेरी घ्या, उशिरा पाणी ढवळून गढूळ होतं. मास्कमध्ये पाणी शिरण्याचं नेहमीचं कारण मिशी. झुपकेदार मिशीमुळे रबर चेहऱ्याला चिकटत नाही. केसांची बटही आत अडकू देऊ नका. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधीच विचारा.

स्कूबाची (पाठीवर हवेची टाकी घेऊन) पहिली डुबकी प्रशिक्षकाचा हात धरूनच असते, आणि तिची मर्यादा १२ मीटर. दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, म्हणून कान दुखतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, आणि ती दुखायच्या आधी, दर मीटर-दोन मीटरला. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर डुबकी सोडून द्या, कारण कानाची वाट बंद असते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. पैसे बुडतील म्हणून लपवणारे असतात. मुलांसाठी किमान वय दहा.

डुबकीनंतर २४ तास विमानात बसायचं नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. डुबकी तिसऱ्या दिवशी ठेवली आहे ती यासाठीच. बोटीचा प्रवास चालतो.

तिसरा प्रकार सी-वॉक. डोक्यावर हेल्मेट घालून तळावर चालायचं, चष्मा आणि केस कोरडे राहतात. पन्नाशीच्या पुढच्यांना तो स्कूबापेक्षा आवडतो.

प्रवाळावर कधीही पाय टेकवू नका. तो दगड दिसला तरी जिवंत असतो, आणि त्याने झालेली जखम उन्हाळी हवेत लवकर भरत नाही.

बॅग, पैसे आणि खाणं

एक मोठी चाकांची बॅग नेण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, धक्क्यावर फळीवरून चढावं लागतं. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान जातं, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या. स्नॉर्कलिंगमध्ये पाठ तासभर उन्हात असते आणि पाण्यामुळे भाजतंय ते कळत नाही. वाळूमाश्यांसाठी मलम ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्या पायांना चावतात.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. बेटांवर एटीएम मोजकीच, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये आली तेव्हापासून शहरात इंटरनेट बरं चालतं, हॅवलॉक-नीलला अजूनही ते येतं-जातं. बोटीची आणि हॉटेलची तिकिटं छापून न्या.

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, नीलला तर भाजीपाल्याची शेती आहे. चव बंगाली-तमिळ वळणाची. तिखटाची सवय असेल तर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी सोबत असू द्या. कुंदा नेऊ नका, दुधाचा पदार्थ त्या दमट हवेत टिकत नाही. गोकाकचा करदंट नेला तर आठवडाभर चालतो आणि बोट लेट झाली की उपयोगी पडतो.

परतताना

किनाऱ्यावरचा शंख, शिंपला, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर क्ष-किरण तपासणीत तो लगेच दिसतो. मुलांच्या खिशांत आणि खेळण्यांच्या डब्यात हमखास सापडतो, म्हणून बॅगा आदल्या रात्रीच झटका. शंखाची वस्तू हवीच असेल तर सरकारी सागरिका दुकानातून घ्या आणि पावती सामानातच ठेवा.

पोर्ट ब्लेअरचं दुपारचं विमान बंगळूरला संध्याकाळच्या आत उतरतं. बेळगावच्या रात्रीच्या गाडीसाठी विमान उतरायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ यांत किमान पाच तास ठेवा: एक बॅगा येण्यात, दोन वाहतुकीत, एक उशिराचा, आणि उरलेल्या एका तासात स्टेशनाबाहेर गरम सांबार-भात.